मातीआड जाणाऱ्या भिंती: उतारावरच्या घराचं बाहेरचं काम

भोर तालुक्यात डोंगरउतारावर स्वतः आखलेलं अकराशे चौरस फुटांचं घर. तीन बाजू मातीत जाणार, नैऋत्येची बाजू दरीकडं उघडी. आरसीसी भिंती आणि स्लॅब झालेत, मागचा खड्डा अजून उघडा आहे. पावसाळ्याला चार महिने आहेत आणि तुम्ही विचारलंय: वॉटरप्रूफिंग कोणतं करू, बाहेरून थर्माकोल लावू का, स्लॅबवर दीड फूट माती टाकून गवत लावलं तर चालेल का, आणि दर्शनी भिंतीला दगड बरा की गिलावा.

दगड की गिलावा याचं उत्तर शेवटी देतो, कारण ते चुकलं तरी पुढं कधीही बदलता येतं. मातीआड जाणारी भिंत एकदा झाकली की तिच्यापर्यंत परत पोचायला पुन्हा सगळी खोदाई करावी लागते आणि वर वाढवलेली बाग उपटावी लागते. म्हणून पैसा आणि लक्ष आधी न दिसणाऱ्या भागावर घाला. त्यातही वॉटरप्रूफिंगचा नंबर तिसरा. पहिला नंबर घराच्या वरच्या अंगाच्या चराचा, दुसरा पायाजवळचं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचा.

याचं कारण आकड्यांत सांगतो. तीन मीटर उंच भिंतीमागं पाणी साचलं तर तळाशी दाब येतो चौरस मीटरला तीन टन. भिंतीच्या दर धावत्या मीटरवर एकूण साडेचार टन. मातीचा रेटा यात धरलेला नाही, तो वेगळा. हा दाब कुठलंही कोटिंग वर्षानुवर्षं सोसेल आणि एकाही सांध्यातून थेंब आत सोडणार नाही, या भरवशावर घर सोडू नये. पाणी साचूच दिलं नाही, तर मध्यम दर्जाचं कोटिंगसुद्धा आयुष्यभर पुरतं. दुकानदार तुम्हाला कोटिंगच्या डब्यांबद्दल तासभर सांगतील. खडी, नळी आणि उतार यांबद्दल सांगायला कोणी येत नाही, कारण त्यात विकण्यासारखं फारसं काही नसतं.

चर कसा घ्यायचा? घराच्या मागच्या भिंतीपासून तीन-चार मीटर वर, उताराला आडवा, मधे उंच आणि दोन्ही टोकांकडं उतरत जाणारा. त्याचा तळ दगड-सिमेंटनं बांधून घ्या आणि पाणी घराच्या दोन्ही अंगांनी खाली, ओढ्याच्या दिशेनं सोडा. इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो. आपल्याकडं 'पाणी अडवा, पाणी जिरवा' हे इतकं अंगवळणी पडलंय की जमीन घेतलेले हौशी लोक पहिल्याच उन्हाळ्यात डोंगरावर सलग समतल चर खणून घेतात. शेतासाठी, विहिरीसाठी ते उत्तम काम आहे. पण समतल चर पाणी थांबवतो आणि तिथंच जिरवतो, आणि तुमच्या घराच्या वर जिरलेलं पाणी खडकावरून सरकत थेट तुमच्या मागच्या भिंतीला येऊन भिडतं. घराच्या वर पाणी वळवा, घराच्या खाली हवं तितकं जिरवा. कान्हेरीला लेण्यांच्या वरच्या खडकावर चढून पाहिलंत तर हेच दिसेल: कोरीव पन्हळी काढून पावसाचं पाणी वळवलंय आणि पोढ्यांमध्ये, म्हणजे कातळात खोदलेल्या टाक्यांमध्ये, नेलंय. पाणी वाया गेलं नाही, पण लेण्याच्या माथ्यावरही थांबलं नाही.

उताराबद्दल अजून एक. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर तीच वेळ आली. आपल्या सह्याद्रीत काळ्या पाषाणावर मातीचा आणि कुजलेल्या मुरमाचा थर बसलेला असतो, आणि अतिपावसात पाण्यानं जड होऊन तो सरकू शकतो. तुमच्या खोदाईनं त्या थराचा खालचा टेकू काढलाय. म्हणून घराच्या वरच्या उतारावर भेगा, तिरकी झालेली झाडं, नवे पाझर दिसतात का हे भूशास्त्रज्ञाला किंवा भू-तांत्रिक अभियंत्याला प्रत्यक्ष आणून दाखवा. घर कितीही पक्कं असलं तरी हा प्रश्न भिंतीच्या पलीकडचा आहे.

आता पायाजवळची नळी. भोरच्या पश्चिम पट्ट्यातल्या पावसाला ११० मिमीची पुरते असं सांगतात, मी १६० मिमीची छिद्रांची पीव्हीसी नळी घालायला सांगेन. तिची पातळी आतल्या फरशीच्या खाली हवी. फरशीच्या पातळीला टाकलेली नळी फरशी ओली झाल्यावरच कामाला लागते. छिद्रं खालच्या अंगाला. गवंडी हमखास वर करतात, कारण पाणी वरून येतं असं वाटतं. पण नळीभोवतीच्या खडीत पाण्याची पातळी खालून वर चढते आणि ती चढू लागताच पाणी नळीत शिरावं हा उद्देश आहे. उतार शंभरास एक. घराच्या मागून घोड्याच्या नालेसारखी वळवून दोन्ही टोकं खालच्या उतारावर उघड्यावर काढा. खड्डा करून त्यात पंप बसवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, कारण ज्या रात्री पाऊस कोसळतो त्याच रात्री वीज जाते. नळीभोवती २० ते ४० मिमीची धुतलेली खडी, आणि त्या सगळ्या खडीला बाहेरून न विणलेलं जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं आणि गाळ अडवणारं कापड. नुसत्या नळीला कापड गुंडाळलं तर दोन-तीन पावसाळ्यांत कापडावरच गाळ बसतो. क्रशरची खडी न धुता आणली तर तिच्यातली डस्टच नळी बुजवते. मागच्या दोन्ही कोपऱ्यांत नळीला जोडलेला एक उभा पाइप जमिनीवर काढून झाकण लावून ठेवा, म्हणजे वर्षातून एकदा होजपाइपनं धुता येईल. खालच्या तोंडांना जाड जाळी लावा, नाहीतर घुशी आत घर करतात.

मग वॉटरप्रूफिंग. त्याआधी भिंत बाहेरून हातानं चाचपून पाहा. शटरिंग आवळायला आरपार घातलेले पीव्हीसी पाइपचे तुकडे आत तसेच राहिले असतील, तर प्रत्येक तुकडा म्हणजे आत येणारी तयार नळी आहे. ते काढून भोकं न आकसणाऱ्या ग्राउटनं दोन्ही बाजूंनी ठासून भरा. हनीकोंब झालेली, म्हणजे काँक्रीट पोकळ राहून खडी उघडी पडलेली, जागा फोडून, धुऊन तशीच भरायची. राफ्ट, म्हणजे घराखालचा सलग काँक्रीटचा पाया, आणि भिंत जिथं मिळतात तो सांधा सगळ्यात नाजूक. तिथं गवंड्याकडून पन्नास मिमीचा चांगला वाटा (कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर भराव) मारून घ्या, म्हणजे मेम्ब्रेनला, पाणी अडवणाऱ्या शीटला, काटकोनात दुमडावं लागणार नाही. वाट्यावर मेम्ब्रेनचा एक जादा पट्टा.

मेम्ब्रेन म्हणून ४ मिमीची एपीपी बिटुमेन शीट (प्लास्टिक मिसळलेल्या डांबराची), गॅसच्या टॉर्चनं तापवून चिकटवलेली, आपल्याकडं मिळते आणि ती लावणारे कारागीरही मिळतात. म्हणून तीच सुचवतो. पृष्ठभाग पूर्ण कोरडा हवा, प्रायमर सुकलेला हवा, बाजूचा जोड १० सेंमी आणि टोकाचा १५ सेंमी. हे काम मार्च-एप्रिलमध्ये उरका. वळवाची एक सर आली की पुढचे कित्येक दिवस काँक्रीट आतून ओलं राहतं आणि शीट फुगते. भिंतीवरची आणि स्लॅबवरची शीट एकमेकींवर चढून सलग झाली पाहिजे. दोन वेगळे ठेकेदार, एक भिंतीचा आणि एक स्लॅबचा, असं अजिबात करू नका, कारण मग त्या दोघांच्या मधली रेघ कोणाचीच नसते आणि गळते तीच. बिटुमेन मुळांना अडवत नाही, म्हणून स्लॅबवर त्याच्यावरून एचडीपीई प्लास्टिकची जाड शीट मूळ-रोधक म्हणून घाला.

पुण्या-साताऱ्याकडं स्लॅब म्हटला की लोक विटांच्या तुकड्यांचा कोबा करतात. गच्चीसाठी ती जुनी, चांगली पद्धत आहे. मातीखाली जाणाऱ्या स्लॅबवर मला ती नको वाटते. त्याचंच वजन चौरस मीटरला दीड-दोनशे किलो, आणि त्याच्या पोटात पाणी शिरलं की ते वाळायला ऊन मिळत नाही. उतार हवा असेल तर पातळ काँक्रीटनं पन्नासास एक द्या आणि तो पुढं किंवा बाजूंना द्या. डोंगराकडं दिलेला उतार म्हणजे स्वतःच्या भिंतीमागं बांधलेलं धरण.

स्लॅबवर मेम्ब्रेन झाली की विटांचे छोटे बांध घालून पाणी कोंडा आणि तीन दिवस तसंच ठेवा. आतून बॅटरी घेऊन छत इंचाइंचानं पाहा. ही चाचणी टाळायला सांगणाऱ्याला कामाचे पैसे देऊ नका.

थर्माकोलबद्दल. माती उष्णता चांगली अडवते हा समज चुकीचा आहे. ती उष्णता साठवते आणि उशिरा परत देते, हे तिचं खरं काम. ओल्या मातीचा दोन मीटरांहून जाड थर जेवढी उष्णता अडवतो तेवढी ५० मिमीची एक्सपीएस शीट, म्हणजे पाणी न पिणाऱ्या घट्ट फोमची शीट, अडवते. परदेशी व्हिडिओंमध्ये घराला चारही बाजूंनी, खालपर्यंत फोम गुंडाळलेला दिसतो, कारण तिथं थंडीशी झगडा असतो. आपला झगडा एप्रिल-मेच्या उन्हाशी आहे. भोरसारख्या ठिकाणी खोलवरच्या मातीचं तापमान वर्षभर २५ अंशांच्या आसपास असतं, बाहेर ३९ असलं तरी. त्या मातीला टेकलेली भिंत म्हणजे फुकटचा गारवा आहे, तिला फोमनं का तोडायचं? म्हणून एक्सपीएस तीन जागी लावा: संपूर्ण स्लॅबवर, भिंतींच्या वरच्या मीटर-सव्वा मीटरवर, आणि तिथून जमिनीत आडवा, थोडा बाहेरच्या बाजूला उतरता, मीटरभर रुंदीचा पट्टा. खालच्या भिंती मोकळ्या, फक्त मेम्ब्रेन आणि तिच्यावर संरक्षक डिंपल शीट, म्हणजे उंचवटे असलेली प्लास्टिकची शीट.

साधं पांढरं थर्माकोल इथं चालत नाही, ते मातीत पाणी पितं. एक्सपीएस टॉर्चच्या ज्योतीजवळ वितळतं आणि ओल्या प्रायमरमधल्या द्रावकानं विरघळतं, म्हणून मेम्ब्रेनचं काम संपून गार झाल्यावरच त्याचे गठ्ठे साइटवर उघडा. वाळवी त्यातून आरामात बोगदे काढते. पायाच्या वेळी वाळवीची फवारणी झाली नसेल तर भरावाआधी मातीवर करून घ्या आणि फोमची वरची कड कधीही उघडी सोडू नका.

भराव टाकताना घाई नको आणि जेसीबीवाल्याच्या हातात काम सोपवूनही जाऊ नका. स्लॅबचं काँक्रीट २८ दिवसांचं झालेलं हवं, कारण भिंतीच्या माथ्याला आधार स्लॅबचा असतो. भिंतीलगत फूटभर खडी, तिच्यामागं चाळलेला मुरूम, २० ते २५ सेंमीच्या थरांनी, प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरनं बसवलेला. तिन्ही बाजूंना भराव बरोबरीनं चढवा. साडेसात टनांचं जेसीबी भिंतीच्या उंचीइतक्या अंतराच्या आत येऊ देऊ नका, शेवटची माती हातानं किंवा लांबून बकेटनं. खोदाईतले मोठे डबर भरावात ढकलायचा मोह सगळ्यांना होतो. एक टोकदार डबर मेम्ब्रेन फाडतो आणि ते कधीच दिसत नाही. डबर बाजूला रचून ठेवा, दर्शनी भिंतीला लागणारच आहेत. काळी माती तर भिंतीजवळ नकोच. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि दरवर्षी भिंतीला ढकलते. सगळ्यात वर चिकणमातीचा थर, घरापासून दूर उतरता.

आता तुमची दीड फूट माती. ओली माती घनमीटरला १,९०० ते २,००० किलो भरते, म्हणजे दीड फुटाचं चौरस मीटरला साडेआठशे ते नऊशे किलो. तुमच्या स्लॅबवर मिळून ८७ ते ९२ टन. नेहमीच्या वापराच्या गच्चीसाठी चौरस मीटरला दीडशे किलोचा चल भार, म्हणजे माणसांचा आणि सामानाचा भार, धरतात. तुमच्या इंजिनिअरनं नक्की किती धरलंय हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. हा आग्रह मी उगाच धरत नाही. मराठवाड्यातली माळवदं म्हणजे आपल्याच मातीतली धाब्याची घरं. सागवानी तुळया, वर दीड-दोन फूट पांढरी माती, दरवर्षी पावसाळ्याआधी नवा थर. आत अतिशय गार. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात तीच माती आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्या लोकांवर आल्या. सुमारे दहा हजार माणसं गेली. तुमची भिंत आरसीसीची आहे, गोष्ट वेगळी आहे, पण कोयना तुमच्यापासून फार लांब नाही आणि डोक्यावरचं प्रत्येक टन भूकंपात आडवं ढकलतं. दीड फुटाची तुम्हाला गरजही नाही. उष्णता एक्सपीएस अडवणार आहे, गवताला २० सेंमी पुरतात. मुरूम, माती, कंपोस्ट आणि कोकोपीट असं हलकं मिश्रण करा.

आणि पहिल्या पावसाळ्यात स्लॅबवर माती टाकूच नका. मेम्ब्रेन, एक्सपीएस, जिओटेक्स्टाइल आणि वर पाचेक सेंमी गोटे एवढंच ठेवा. गोट्यांच्या वजनानं फोम जागेवर राहतो आणि ऊन लागत नाही. पावसाळाभर आत लक्ष ठेवा. काही गळलंच तर गोटे सरकवून दुरुस्त करता येतं. माती पुढच्या मेमध्ये, गवत जूनमध्ये. भिंतींमागचा खड्डा मात्र यंदाच भरला पाहिजे, कारण उघडी कापलेली दरड भोरचा पावसाळा काढील असं समजू नका.

अशा घरांची गळती मी पाहिली आहे ती बहुतेक वेळा खोल भिंतीतून नाही, तर माती संपून हवा सुरू होते त्या कडेला. स्लॅबच्या पुढच्या कडेवरचा पॅरापेट माती धरून ठेवतो आणि तिच्याबरोबर पाणीही. मेम्ब्रेन त्या पॅरापेटवर आतून मातीच्या पातळीपेक्षा किमान १५ सेंमी वर चढली पाहिजे आणि वरच्या दगडी टोपीखाली जाऊन संपली पाहिजे. टोपी दोन्ही बाजूंना पुढं आलेली, खाली पाणी तुटायला खाच असलेली. मातीच्या कडेनं फूटभर रुंद गोट्यांचा पट्टा ठेवा, पाणी त्यात उतरून पन्हळींतून बाहेर पडेल. पन्हळी दोनपेक्षा कमी नकोत, एकीत पाचोळा अडकला तर दुसरी हवी. शौचालयाचा व्हेंट, किचनची चिमणी, सौर हीटरच्या नळ्या स्लॅबमधून वर काढू नका, दर्शनी भिंतीतून काढा. मातीखालच्या स्लॅबमधलं प्रत्येक भोक म्हणजे कायमची काळजी.

घराच्या दोन्ही बाजूंना माती धरणाऱ्या ज्या पंखासारख्या भिंती येतील, त्या घराच्या भिंतीला जोडून ओतू नका. मधे २५ मिमीचा सांधा ठेवा. त्या उन्हात तापतात, हलतात, आणि जोडलेल्या असतील तर उष्णताही आत आणतात आणि तडाही. इथं आरसीसीपेक्षा जाळीतले दगड, म्हणजे गॅबियन, किंवा कोरडी रचलेली दगडी भिंत मला जास्त आवडते. पाणी तिच्यातून आपोआप निघून जातं. शेताच्या ताली रचणारी म्हातारी माणसं तुमच्या गावात अजून असतील, त्यांना विचारा. कंबरेएवढ्या उंचीपर्यंत त्यांच्या हाताला तोड नाही. त्याहून उंच भिंत मात्र इंजिनिअरच्या हिशेबानं.

दर्शनी बाजू नैऋत्येला आहे हे तुमच्या घराचं सगळ्यात अवघड अंग. पावसाची झड तिथूनच येते आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत दुपारचं तिरपं ऊनही तिथूनच. १८ अंश अक्षांशावर दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो, नैऋत्येला नाही. तिथं किमान दोन मीटर खोल पडवी काढा. तिचं छप्पर स्वतंत्र खांबांवर, कौलाचं किंवा हलकं, घराच्या स्लॅबपासून सुटं. स्लॅबच पुढं ओढून पडवी केली तर तो तापलेला भाग उष्णता थेट तुमच्या गार छतात आणतो. दुपारसाठी बांबूच्या चिका, म्हणजे गुंडाळता येणारे पडदे. पडवीची फरशी बाहेरच्या दिशेला उतरती, आणि घराचा उंबरा तिच्यापासून १५ सेंमी वर.

मग दगड की गिलावा? पडवी झाली की दोन्ही चालतात. खोदाईत निघालेला तुमचाच काळा दगड बाजूला असेल, तर खालच्या मीटरभर भागाला, जिथं पावसाचे शिंतोडे उडतात, सहा इंच जाडीचं डबराचं बांधकाम भिंतीला स्टीलच्या पट्ट्यांनी बांधून करा आणि दरजा नीट भरा. नुसत्या चिकटवलेल्या पातळ फरश्या अशा झडीत सुटतात. त्याच्या वर चुन्याचा गिलावा. सिमेंटचा गिलावा तडकतो आणि तड्यातून आत गेलेलं पाणी बाहेर येऊ देत नाही. चुना श्वास घेतो, आणि भेग पडली तर पोतेऱ्यानं भरून निघते.

हिरवळीचं शेवटचं. बाजूच्या भरावाचा उतार एकास दोनपेक्षा (एक फूट उंचीला दोन फूट आडवं) तीव्र नको. त्यावर जूनमध्ये वाळ्याच्या ओळी लावा, मुळं दोन-तीन मीटर खोल जातात आणि माती धरतात. त्याच कारणानं वाळा स्लॅबवर नको. स्लॅबवर हरळी आणि तिथलंच डोंगरी गवत. वड, पिंपळ, उंबर यांची रोपं पक्ष्यांमुळं पॅरापेटच्या फटीत येणारच, दर दसऱ्याच्या सुमाराला फिरून ती बोटभर असतानाच मुळासकट काढा.

आणि वणवा विसरू नका. फेब्रुवारी ते एप्रिल तुमच्या भागात डोंगर पेटतात. तुमचं छत डोंगराच्या गवताला सलग जोडलेलं असेल, तर आग त्याच वाटेनं छतावर येईल, आणि खाली बिटुमेन आणि फोम आहे. वरच्या चराच्या दोन्ही अंगांना मिळून तीन मीटरचा पट्टा गोट्यांचा किंवा उघड्या मुरमाचा ठेवा, वनखातं जाळरेषा काढतं तसा, आणि दरवर्षी होळीआधी तो साफ करा. छतावरचं गवतही जानेवारीतच कापून टाका. हा पट्टा आत्ताच नकाशात दाखवा, म्हणजे चराची जागा ठरवताना तो घरापासून किती वर येतो हे एकदम ठरेल.